दाखवासाहेबांच्या परसातला गळ

गल्लीत त्या दिवसांत कुजबुज होती ती अशी: दाखवासाहेबांनी आपल्या सख्ख्या थोरल्या भावाला पाहुणा म्हणून घरी बोलावलं, परसातल्या तळ्यात मासे धरताना पकडलं, दोरीने बांधलं आणि भर दिवसा सरकारी जीपमध्ये घातलं. समोरच्या काकूंनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. काकूंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टी गल्लीत बऱ्याच होत्या. त्यांतल्या काही तर काकू परगावी असताना घडल्या होत्या. पण ही मात्र खरोखरच त्यांच्या खिडकीसमोर घडली. त्यांनी ती इस्त्रीवाल्याला सांगितली, इस्त्रीवाल्याने न्हाव्याला, आणि न्हाव्याने ती साबणाच्या फेसासारखी अशी फुलवली की संध्याकाळपर्यंत दोरीची साखळी आणि साखळीच्या बेड्या झाल्या. "माणूस म्हणावं की काय याला!" असं जो तो म्हणत होता आणि पुढचं ऐकायला खुर्ची जवळ ओढत होता.

लोकांनी विश्वास ठेवला यात नवल नव्हतं. दाखवासाहेबांची कीर्तीच तशी होती.

ते बसचे तिकीट तपासनीस. उभी नोकरी मागच्या दाराने चढण्यात आणि पुढच्या दाराने उतरण्यात गेली. मधल्या वेळात तोंडी शब्द एकच: "दाखवा." 'तिकीट' हा शब्द ते खर्च करत नसत. दाखवा म्हटलं की लोकांचे हात आपोआप खिशात जात. नाव लोकांनीच ठेवलं आणि 'साहेब' मागून लोकांनीच जोडलं, कारण नुसतं 'दाखवा' म्हणून हाक मारली तर भलत्याच माणसाने खिसा उलटा केला असता.

सेवानिवृत्ती झाली, पण ती बातमी पायांपर्यंत पोचली नाही. स्वयंपाकघर, मधली खोली, मागचं दार; मागचं दार, मधली खोली, स्वयंपाकघर. त्यांच्या दिवसभर फेऱ्या चालत. बायको भाजी निवडता निवडता म्हणे, "अहो, एखादा थांबा तरी घ्या!" ते थांबत, खुर्चीच्या कडेवर टेकत, आणि कुकरची शिट्टी झाली की घंटी झाल्यासारखे पुन्हा निघत.

त्यांच्या मनात एक भीती घर करून बसली होती. ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. आयुष्यभर त्यांनी एक चेहरा पाहिला होता. खिशात काही नाही हे पक्कं ठाऊक असूनही खिसा चाचपणाऱ्या माणसाचा चेहरा. आधी शर्टाचा खिसा, मग पँटचा, मग पिशवी, मग पुन्हा शर्टाचा. त्या चेहऱ्यांनी आता त्यांच्या घरी मुक्काम ठोकला होता. आपल्यालाही एक दिवस कुणीतरी "दाखवा" म्हणेल आणि आपले हात असेच चाचपडत राहतील, असं त्यांना वाटे. म्हणून ते सिनेमाचं तिकीट पिक्चर संपेपर्यंत मुठीत धरत. दवाखान्यात नंबराचा कागद सगळ्या रांगेला दाखवत. बाजारातून कोथिंबिरीची जुडी आणली तरी बायकोला विचारत, "पावती?" ती म्हणे, "कोथिंबिरीला मुळं आहेत, तीच पावती."

आणि एक चेहरा या सगळ्यांपेक्षा वेगळा होता. तो थोरल्या भावाचा.

थोरले पाट्या रंगवत. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. हात असा की 'येथे थुंकू नये' लिहिलं तरी माणूस वाचत उभा राहावा. बसमध्ये खिडक्यांच्या वर जी पाटी असे, 'विनातिकीट प्रवास हा गुन्हा आहे', तीही त्यांनीच रंगवलेली. एकदा ते दोन्ही हातांत रंगाचे डबे घेऊन बसमध्ये चढले. गर्दी होती, कंडक्टर पुढे अडकला होता, आणि यांना पुढच्याच चौकात उतरायचं होतं. तेवढ्यात मागच्या दाराने धाकटे बंधू चढले.

थोरले हसले. त्यांना वाटलं, भेट झाली.

"दाखवा," धाकटे म्हणाले.

"अरे, मी आहे."

"मी कोण? दाखवा."

सगळी बस हसली. दंड झाला. थोरल्यांनी डबे खाली ठेवले, दंड भरला, डबे उचलले, आणि उतरताना म्हणाले, "आजपासून तू मला काही दाखवू नकोस. तोंड तर मुळीच नको."

त्यांना दंडाचं दुःख नव्हतं. ते नंतर आपल्या बायकोला म्हणाले होते, आणि ते शब्द फिरत फिरत धाकट्यांच्या कानावर आले होते: "तो 'दाखव' म्हणाला असता ना, तर मी हसत हसत भरला असता. लहानपणापासून मला 'दादा, तू' म्हणणारा पोरगा. चार लोकांत मला 'अहोजाहो' करून परका करून टाकला त्याने. एका 'वा'ने घात केला."

या 'वा'ला आता किती वर्षं झाली ते दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही सांगत नसत. लग्नकार्यात एक जण मांडवाच्या या टोकाला तर दुसरा त्या टोकाला. दोघांचा फोटो म्हणून जो काही होता त्यात मध्ये सतरा नातेवाईक उभे होते. जावाजावांचं मात्र फोनवर छान चाललेलं असे. पुरुषांची भांडणं टिकवायची असतील तर बायकांना फोन देऊ नये, एवढं साधं शहाणपण या घराण्यात कुणाला नव्हतं.

त्या फोनवरूनच एकदा थोरल्या जाऊबाईंनी सांगितलं की यांचा हात आता थरथरतो. पाट्या बंद झाल्या. त्यांना उरलेला नाद एकच, गळ टाकून बसायचं. पण नदीकाठाला आता कुंपण घातलंय, आत सोडत नाहीत. "गॅलरीत खुर्ची टाकून मांडीवर काठी घेऊन बसतात गं. खाली रस्ता. स्कूटरी बघत बसतात. मला बघवत नाही."

धाकट्या जाऊबाईंनी मागच्या दारातून परसाकडे पाहिलं. परसात तळं होतं.

घर धाकट्या जाऊबाईंच्या वडिलांचं. ते माळीकाम करत. झाडांना पाणी हवं म्हणून त्यांनी ते तळं खणलेलं. फार मोठं नव्हे; एका काठावरून दुसऱ्या काठावरच्या माणसाला साखर द्यायची तर दोघांनी हात लांब केले की पोचेल, त्याहून थोडं मोठं. जास्तीचं पाणी जायला एका बाजूला पाइप घातलेला, तो भिंतीखालून मागच्या ओढ्यात उघडायचा. मासे मात्र कुणी सोडले नव्हते. एका वर्षी नुसते बेडूक होते, दुसऱ्या वर्षी मासे दिसू लागले. दाखवासाहेबांना हे मासे कधीच आवडले नाहीत. विचारल्याशिवाय चढलेले ते.

बायकोने त्याच दुपारी फोन लावला.

"दादा, मी तुम्हाला गळ घालते, एकदा घरी या."

"गळ माझ्याकडे पुष्कळ आहेत, पोरी. तळं आहे का बोल."

"आहे तर! मासेही आहेत."

"केवढे?"

"तुम्हीच येऊन बघा. मला ते हात पसरून सांगता येत नाही. फोन खाली पडेल."

पलीकडे काठी भिंतीला टेकल्याचा आवाज झाला. मग, "तो असेल ना?"

"आता घरचाच माणूस. कुठे पाठवू?"

"असू दे एका कोपऱ्यात. मी तळ्यासाठी येतोय म्हणावं. शनिवारी."

दाखवासाहेब हे सगळं मधल्या खोलीत उभं राहून ऐकत होते. त्यांनी बायकोला चहा करायला सांगितला, तो स्वतःच केला, दोन कप भरले, आणि कप टेबलावर ठेवताना त्यांचा हात थांबला.

"परवाना?" ते म्हणाले.

"कसला?"

"मासे धरायला परवाना लागतो."

"नदीवर लागत असेल. हे आपलं परस आहे. उद्या म्हणाल वांगं तोडायला परवाना काढा."

"वांगं पाण्यात नसतं. पाणी आलं की सरकार आलं."

ती हसली. ते हसले नाहीत. "तुला कळत नाही," ते म्हणाले, आणि फेरीला निघाले. उरलेलं वाक्य स्वयंपाकघरातून ऐकू आलं. "दादा काठी टाकून बसलेला असेल. कुणीतरी येईल. म्हणेल, परवाना बघू. आणि दादा माझ्याकडे बघेल. मुद्दाम घरी बोलावून पुन्हा पकडवलं, असं म्हणेल तो. एकदा झालं ते झालं. दुसऱ्यांदा झालं तर तो माझ्या मयतालासुद्धा यायचा नाही."

बायकोने चहावर बशी झाकली.

दुसऱ्या दिवसापासून दाखवासाहेबांच्या फेऱ्या घराबाहेर पडल्या. न्हावी म्हणाला, "काही लागत नाही साहेब. घरातला उंदीर धरायला लागतो का परवाना?" हे पटण्यासारखं होतं. पण न्हाव्याचा वस्तरा गळ्यावर असताना माणसाला सगळंच पटतं. म्हणून ते शिंप्याकडे गेले. शिंपी म्हणाला, "लागतो म्हणजे लागतोच! आमच्या मेहुण्याच्या साडूला दंड झालाय."

"स्वतःच्या तळ्यात?"

"छे, तळं दुसऱ्याचं होतं."

"आणि मासे?"

"तेही दुसऱ्याचेच. पण कुत्रा मात्र याच्याच मागे लागला."

परतताना समोरच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "परवान्याचं विचारत फिरताय म्हणे? कुणी पाहुणे येतायत का?" ही बातमी दाखवासाहेबांच्या आधी घरी पोचली होती. ते काहीतरी पुटपुटले आणि आत शिरले. काकूंनी खिडकीतली कुंडी जरा बाजूला सरकवली, म्हणजे फाटक नीट दिसावं.

शेवटी ते मत्स्यखात्याच्या कचेरीत गेले. काचेमागे एक बाई बसल्या होत्या. दुपारचा डबा नुकताच झाला असावा. चेहऱ्यावर समाधान होतं आणि डोळ्यांवर झोप.

"परसातल्या तळ्यात मासे धरायला परवानगी लागते का?"

"लागते," बाई म्हणाल्या.

दाखवासाहेबांनी काचेची कड धरली. "कुणाची?"

"मालकाची."

"मालक मीच. म्हणजे तसं नव्हे, घर बायकोच्या नावावर आहे. म्हणजे ती मला मालक म्हणते, पण मालक ती आहे."

"मग तिला विचारा."

"तिनेच तर बोलावलंय."

"मग काका, अडलं कुठे?"

"परवान्याचं."

"अहो, परवाना वेगळा आणि परवानगी वेगळी! परवाना नदीला, धरणाला, सरकारी पाण्याला. घरच्या तळ्याला परवाना लागत नाही."

"हे लेखी द्या."

बाईंची झोप उडाली. "काका, जे लागतं त्याचं लेखी देतो आम्ही. जे लागत नाही त्याचं लेखी देत बसलो, तर जगात न लागणाऱ्या गोष्टी किती आहेत!"

दुसरा कुणी असता तर तिथून सरळ घरी आला असता. दाखवासाहेबही कचेरीच्या फाटकापर्यंत आले. तिथे त्यांना पाइप आठवला. आठवला तो आठवला, निदान गिळून टाकायचा! पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या खिशातलं न दिसलेलं पाहिलं, त्याला स्वतःच्या भिंतीतलं कसं विसरता येणार? ते परत फिरले.

"तळ्याला एक पाइप आहे," ते काचेला म्हणाले.

"कसला?"

"जास्तीच्या पाण्याचा. ओढ्यात जातो."

बाईंनी खुर्ची पुढे घेतली. "ओढ्यातला मासा त्यातून आत येतो का? किंवा तुमचा बाहेर जातो?"

"मी पाहिलेलं नाही. पण मासे कुणी सोडलेले नाहीत, आणि आहेत."

"मग बघावं लागेल. तळं बंदिस्त असेल तर तुमचं. ओढ्याला जोडलेलं असेल तर ते वाहतं पाणी, मग परवाना लागतो. निरीक्षक येऊन पाइप बघतील."

"कधी?"

"येतील तेव्हा येतील."

"शनिवार सोडून या म्हणावं."

"का? शनिवारी काय आहे?"

"काही नाही," दाखवासाहेब म्हणाले, आणि म्हणताक्षणी त्यांना घाम फुटला. "काही नाही" म्हणणारा माणूस नेहमी विनातिकीट असतो. हे त्यांना उभ्या नोकरीत कळलं होतं, आणि बाईंकडे पाहून वाटलं, यांनाही कळलंय.

पुढचे दिवस कसे गेले ते त्या घरातल्या फरशीलाच विचारावं. शुक्रवारी त्यांनी जुन्या टॉवेलचा बोळा करून पाइपाच्या तोंडात कोंबला. आत आले, बसले, उठले. वाटलं, हे तर पुरावा लपवणं झालं. बाहेर जाऊन बोळा काढला. मग वाटलं, उघडा पाइप म्हणजे सरळ वाहतं पाणी. पुन्हा कोंबला. बायकोने मागच्या दारातून विचारलं, "अहो, तो माझा अंग पुसायचा टॉवेल आहे का?" त्यांनी तो काढला, पिळला आणि दोरीवर वाळत घातला. टॉवेल पुढे कामी येणार होता हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

"दादांना फोन करून पुढच्या आठवड्यात बोलावू का?" ती म्हणाली.

"नको," ते एकदम म्हणाले. "तो एकदाच हो म्हणतो."

शनिवारी थोरले आले. हातात काठी, खांद्याला पिशवी, डब्यात गांडुळं. वयाने वाकलेले, पण उंबऱ्याशी ताठ झाले. "नमस्कार, पोरी," ते म्हणाले. धाकट्या भावाच्या दिशेला जी भिंत होती तिच्याकडे त्यांनी पाहिलं.

"त्याला म्हणावं, स्टूल आणून दे."

दाखवासाहेब दोन पावलांवर उभे होते. बायकोने मान वळवली. "अहो, दादा म्हणतात स्टूल आणा."

त्यांनी स्टूल आणलं. सावलीत ठेवलं. उचलून जरा पुढे ठेवलं.

"त्याला म्हणावं, स्टूल फिरवू नकोस. मासे बिचकतात."

"त्याला म्हण... दादाला सांग, जमीन ओली आहे तिथे."

"सांगू का आता? की दोघांना ऐकू आलं?" बायको म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

थोरले बसले. दोरा नवा होता, पांढरा, अजून वेटोळ्याच्या घड्या न मोडलेला. थरथरत्या हाताने गळाला गांडूळ लावायला त्यांना वेळ लागला. दाखवासाहेबांना पुढे होऊन मदत करावीशी वाटली. ते एक पाऊल पुढे गेले, मग फाटकाकडे पाहून दोन पावलं मागे आले. दोऱ्याला बांधलेलं बूच पाण्यावर तरंगू लागलं, आणि थोरल्यांचे खांदे, जे उंबऱ्यापासून ताठ होते, ते हळूहळू उतरले. गॅलरीतल्या स्कूटरी त्यांच्या डोळ्यांतून निघून गेल्या असाव्यात. दाखवासाहेबांनी भावाला पाठमोरं इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. मानेवर आईसारखा तीळ होता. तो पूर्वीही असणारच.

असंच चाललं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांना फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला की थांबल्यासारखा भास झाला, हे बघायला ते घराच्या पुढल्या बाजूला गेले. नुसता रिकामा टेम्पो होता. ते बघत उभे असताना बोळातून, म्हणजे मागच्या बाजूने, खरी जीप आली. तिच्यातून एक तरुण निरीक्षक उतरला, मागचं लहान फाटक ढकलून परसात शिरला, आणि तळ्याकाठी पाठमोऱ्या बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाला हेच घरमालक समजून, पाइपाबद्दल, अत्यंत नम्रपणे म्हणाला:

"दाखवा."

थोरले तेव्हा गळ वर काढून नवं गांडूळ लावत होते. तो शब्द पाठीमागून आला आणि त्यांचं अख्खं अंग दचकलं. इतक्या वर्षांनी, इथे, घरी बोलावून! त्यांनी गर्रकन वळायला आणि गळ अंगठ्यात शिरायला एकच गाठ पडली. शिरला तो उलट्या काट्यासकट.

आरोळी ऐकून दाखवासाहेब धावत आले. समोर सरकारी टोपी, भावाच्या अंगठ्यातून रक्त, आणि भाऊ त्यांच्याकडे बघतोय. तोच चेहरा. त्यांच्या डोक्यात इतके दिवस जे घोळत होतं ते सगळं एकदम उलटून बाहेर पडलं.

"याचा काही संबंध नाही," ते निरीक्षकाला म्हणाले. "गळ माझा आहे. मी टाकला होता. दंड माझ्या नावाने करा."

निरीक्षकाने अंगठ्याकडे पाहिलं. "काका, गळ यांच्या बोटात आहे."

"असू दे. तरी माझाच."

"आणि काठी?"

"माझी!"

"काठीवर नाव लिहिलंय," निरीक्षक म्हणाला. खरंच होतं, पाट्या रंगवणाऱ्या माणसाची काठी, तिच्यावर लाल अक्षरात, सावली देऊन, थोरल्यांचं नाव होतं.

"ते खोटं आहे," दाखवासाहेब म्हणाले. इतकं उघड खोटं आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होते, म्हणून हात धुऊन घेत होते.

थोरले दुखणं विसरून धाकट्याकडे बघत राहिले. त्याच्या हाताकडे बघत राहिले. हात शर्टाच्या खिशावर गेला, मग पँटच्या, मग पुन्हा शर्टाच्या. काय शोधत होता ते त्यालाही माहीत नव्हतं.

"अहो, पण मी परवाना विचारलाच नाही!" निरीक्षक कळवळून म्हणाला. "मी पाइप दाखवा म्हणत होतो. तुम्हीच कचेरीत पाइपाचं सांगायला आला होतात ना? मालक कोण इथले?"

"मी," बायको मागच्या दारातून म्हणाली. तिच्या हातात दोरीवरचा टॉवेल होता. "यांना मी बोलावलंय, मासे धरायची परवानगी मी दिलीय, आणि पाइप काही पळून जात नाही. आधी गाडी काढा. दवाखाना पाच मिनिटांवर आहे."

सरकारी माणसाला कुणी इतक्या सरळ भाषेत काम सांगितलं की तो करतो. निरीक्षकाने जीप बोळातून फिरवून पुढच्या फाटकाशी आणली. बायकोने दोन्ही हात एकत्र धरायला लावून वरून टॉवेल गुंडाळला, म्हणजे धक्का लागायला नको. मग ती कात्री घेऊन दोरा कापायला वाकली.

"खबरदार!" थोरले ओरडले. "नवा दोरा आहे!"

तेव्हा दाखवासाहेबांनी काठी उचलली. पुढे थोरले, दोन्ही हात टॉवेलात. टॉवेलातून निघालेला पांढरा दोरा. आणि त्या दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला काठी उंच धरून धाकटे, मान खाली, पावलापावलाला जपत. बाजूला सरकारी टोपी. समोरच्या खिडकीतली कुंडी पडता पडता वाचली.

फाटकाशी पायरी आली. दाखवासाहेब अडखळले, काठी मागे गेली, दोरा ताणला.

"अरे, सैल सोड की जरा!" थोरले कळवळले. "ओढतोयस काय!"

बायको जागच्या जागी थांबली. मध्ये कुणीच नव्हतं. 'त्याला म्हणावं' नव्हतं.

"दादा, तू हात वर धर," दाखवासाहेब म्हणाले. "वर धर, म्हणजे ताण नाही येणार."

"धरलाय. तू बघून चाल."

"बघूनच चालतोय."

"लहानपणापासून तुला बघून चालता येत नाही."

हे दोघं जीपमध्येही भांडत होते. काठी खिडकीतून बाहेर काढावी की आत तिरकी घ्यावी, यावरून. दवाखान्यात डॉक्टरांनी दोरा एका झटक्यात कापला, आणि थोरल्यांनी डॉक्टरांना जे सुनावलं ते ऐकून बाहेरच्या बाकावर दाखवासाहेब किती तरी वर्षांनी पाय न हलवता बसून हसले. नंबराचा कागद कुणालाच दाखवला नाही. हरवलाही असेल.

दुपारी निरीक्षकाने पाइपात कोपरापर्यंत हात घातला. आत सासऱ्यांनी कधीतरी बसवलेली लोखंडी जाळी होती, गंजलेली पण धड. तिच्यातून पाणी जात होतं, मासा जात नव्हता. मग मासे आले कुठून, असं दाखवासाहेबांनी विचारलं. निरीक्षक म्हणाला, बगळ्यांच्या पायांना चिकटून अंडी येतात असं म्हणतात, पण मी काही पाहायला नव्हतो. आणि चहा पिऊन गेला. पुढच्या शनिवारी थोरले न कळवता आले. अंगठ्याला पट्टी होती. स्टूल आधीच बाहेर होतं.

गल्लीने मात्र आपली गोष्ट बदलली नाही. काकू अजूनही सांगतात, आणि अलीकडे त्या गोष्टीत शिट्टीही वाजते.

बेड्या नव्हत्या, साखळी नव्हती, दोरीही नव्हती. गळ थोरल्या भावाच्या अंगठ्यात रुतला होता, त्याचा दोरा काठीला होता, काठी धाकट्याच्या हातात होती, आणि जीप दवाखान्यात चालली होती. परवाना लागत नव्हता.